आधी पॉलिशपेपर खाली ठेवा: शेडमधली जुनी स्पोर्ट्स कार विकताना

२०२५ साली मुंबई उच्च न्यायालयानं एका जुन्या मोटारीच्या विक्रीवर निकाल दिला. गाडी १९३१ सालची फोर्ड. मालकानं ती १९८३ मध्ये २० हजारांना घेतली होती आणि पुढं २१ लाखांना विकली. मोटार ही वैयक्तिक वापरातली वस्तू, तिच्या विक्रीवर कर लागत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. असा निकाल वाचला की ज्यांच्या मळ्यातल्या शेडमध्ये आजोबांची दोन सीटची गाडी ताडपत्रीखाली पडून आहे, त्यांच्या पोटात गोळा येतो. विकावी तर कर, ठेवावी तर गंज, आणि अधूनमधून कोणीतरी दारात येऊन ‘भंगारात देताय काय?’ म्हणून विचारणार.

कोल्हापूरकरांना जुन्या मोटारीचं मोल वेगळं सांगायला नको. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा माना आपोआप तिकडं वळतात. पण ती निगा राखलेली गाडी. इथं बोलायचंय ते निगा न राहिलेल्या गाडीबद्दल: टायर बसलेत, पत्रा गंजलाय, इंजिन जाम आहे, अर्धे भाग माळ्यावर आहेत आणि आरसी बुक कुठं आहे हे फक्त आजीला ठाऊक होतं. अशी गाडीही चांगल्या किमतीला जाते. फक्त विकण्याआधी काय करायचं नाही, हे आधी कळायला हवं.

## तुम्ही नेमकं काय विकताय?

एखादा जुना कोल्हापुरी साज गुजरीत नेला, तर त्याचे दोन भाव होतात. एक मोडीचा: वजन करायचं, घट धरायची, सोन्याचे पैसे द्यायचे. दुसरा त्या साजाची घडण ओळखणाऱ्याचा. तो पानन् पान उलटून बघतो. एखादं पान नंतर बसवलेलं आहे का, डाक कुठं दिलाय, पॉलिश करताना नक्षी झिजवलीय का, हे तपासतो. साज मळलेला असला तरी त्याला चालतं. बदललेला चालत नाही.

जुन्या स्पोर्ट्स कारला असे तीन भाव असतात. भंगारवाला किलोवर घेतो. वापरायला गाडी शोधणारा ‘चालते का, ॲव्हरेज किती’ विचारतो. तिसरा म्हणजे संग्राहक. तो विचारतो, ‘यातलं मूळ किती उरलंय?’ चांगली किंमत देणारा हा तिसराच, म्हणून पुढचं सगळं त्याच्या नजरेनं बघायचं.

तीन शब्द एकदाच समजून घेऊ. ‘रिस्टोरेशन’ म्हणजे गाडी पूर्ण सुटी करून प्रत्येक भाग कारखान्यातून निघाला तसा करणं. नुसतं डेंटिंग-पेंटिंग नव्हे. ‘जुळते नंबर’ म्हणजे चेसिस, इंजिन आणि शक्य तिथं बॉडी यांवरचे क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळणं. थोडक्यात, जन्माला आली तेच इंजिन आजही तिच्यात असणं. आणि ‘विंटेज’. या शब्दाचे दोन अर्थ फिरतात. जगभरचे शौकीन साधारण १९१९ ते १९३० च्या गाड्यांना विंटेज म्हणतात आणि १९५०-६० च्या गाड्यांना क्लासिक. आपल्या कायद्यात मात्र पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली की दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरू शकते.

उदाहरणाला दोन गाड्या धरू. एमजी टीसी ही १९४५ ते १९४९ मधली उघडी, दोन सीटची ब्रिटिश गाडी. १२५० सीसीचं इंजिन, तारांची १९ इंची चाकं, एकूण उत्पादन दहा हजारांच्या आसपास. दुसरी जॅग्वार एक्सके १२०, १९४८ ते १९५४, सहा सिलिंडरचं ३.४ लिटर इंजिन, बाराएक हजार गाड्या. तिच्या पहिल्या दोनेकशे गाड्यांना ॲल्युमिनियमची बॉडी होती, नंतर पोलादी आली. दोन एक्सके शेजारी ठेवल्या तर अनोळखी माणसाला फरक दिसणार नाही. लोहचुंबकाला लगेच कळतो.

## रंगवून चकाचक करून विकली तर जास्त पैसे नाही का येणार?

बहुतेक नुकसान इथंच होतं.

रंगाखाली काय आहे हे घेणाऱ्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे पैसे तो कापून ठेवतो. गंजलेला पत्रा उघडा असेल तर तो मोजतो: दाराखालच्या पट्ट्या गेल्यात, फ्लोअर दोन हातभर सडलाय, डिकीचा तळ गेलाय, चेसिस ठीक आहे. त्याला खर्चाचा अंदाज बांधता येतो. त्याच पत्र्यावर पुट्टी भरून लाल रंग मारला, की त्याला सगळंच सडलेलं धरावं लागतं. जाणकार खिशात छोटा लोहचुंबक घेऊन येतो, रंगावर चरा पडू नये म्हणून त्याला मऊ कापड गुंडाळतो आणि बॉडीवरून फिरवतो. पुट्टी जाड असेल तिथं चुंबक सुटतो. त्या क्षणी तुमच्या बाकी सगळ्या बोलण्यावरचा त्याचा विश्वासही सुटतो.

शिवाय जुना रंग हाच पुरावा असतो. डॅशबोर्डमागं, सीटखाली, दाराच्या बिजागरीच्या आत मूळ रंगाचा एखादा चट्टा शिल्लक राहतो. गाडी पहिल्यांदा कुठल्या रंगाची होती हे तो चट्टा सांगतो. सीटचं फाटलेलं चामडंसुद्धा टाकायचं नसतं; शिलाईची रेघ कशी होती, दोन टाक्यांत अंतर किती, हे नवीन सीट शिवणाऱ्याला त्यावरूनच कळतं. जुन्या वाहनांच्या फिवा या जागतिक महासंघानं २०१२ साली ट्युरिन सनद स्वीकारली, तीही हेच धरून आहे की आधी जतन, आणि गरज असेल तेवढीच दुरुस्ती.

टीसीसारख्या गाडीत आणखी एक गोम आहे. तिच्या पत्र्याआड ॲश नावाच्या लाकडाचा सांगाडा असतो. आपल्या पावसाळ्यात हे लाकूड ओल धरतं, सांध्यात कुजतं, आणि शेडमधली वाळवी त्याला सोडत नाही. घाईत कोणी हाताला लागेल ते लाकूड ठोकून वर पत्रा बसवला की दारं नीट लागत नाहीत, आणि मूळ सांगाडा कसा होता हे बघायला पुढच्या सुताराकडं काहीच उरत नाही. कुजलेला तुकडा जागेवर असेल तर तो नमुना म्हणून कामाला येतो. काढून चुलीत घातला की गेला.

बोल्टचंही तसंच. टीसीच्या इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टची डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची. मिलिमीटरचा पाना लावला तर तो सैल बसतो, घसरतो आणि डोक्याचे कोपरे गोल करतो. बरं, आटेही नेहमीचे नाहीत: ८ मिलिमीटरचे बरेच बोल्ट १ मिलिमीटर अंतराच्या बारीक आट्यांचे आहेत, आणि दुकानात सर्रास मिळतो तो १.२५ चा. असा बोल्ट दोन-तीन आटे जातो, मग अडतो. जोर लावला की ब्लॉकमधले आटे कापले जातात. शिवाजी उद्यमनगरातला चांगला लेथवाला अचूक बोल्ट काढून देईल यात शंका नाही, पण कापला गेलेला ब्लॉक पूर्वीसारखा होत नाही. म्हणून विकण्याच्या नावाखाली इंजिन खोलू नका.

मग करायचं तरी काय? गाडी कोरडी ठेवायची. कौलं गळत असतील तर आधी कौलं. प्लास्टिकची ताडपत्री थेट गाडीवर नको. खाली ओल कोंडते आणि पत्रा आतून खाते. सुती चादर घाला, ताडपत्री वर शेडला बांधा. चाकांखाली फळ्या सरकवा. धूळ मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं काढा, सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पाइप मारू नका. आणि शेडमध्ये हात घालण्याआधी काठीनं ठोकून बघा. वर्षानुवर्षं न हललेल्या गाडीखाली जनावर असू शकतं.

## निदान चालू तरी करून दाखवू?

मोह होतो. बॅटरी आणायची, पेट्रोल ओतायचं, फट्‌ झालं की भाव वाढला. पण बरीच वर्षं बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजानं चिकटलेल्या असतात. स्टार्टरनं किंवा दुसऱ्या गाडीनं ओढून गिअरमध्ये फिरवायला गेलात तर रिंग तुटते, भिंतीवर ओरखडा जातो. व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर पुशरॉड वाकतो. मग ब्लॉकला बोअर करून स्लीव्ह टाकण्याचा खर्च निघतो, आणि तो खरेदीदार तुमच्याच किमतीतून वजा करतो.

बॅटरीचं तर आणखी वेगळं. त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. सवयीनं ऋण टोक बॉडीला लावलं की जुन्या कापडी वायरिंगला आणि मीटरला धोका.

खरं तर घेणाऱ्याला एवढंच हवं असतं: इंजिन हातानं फिरतं का? ते असं बघता येतं. स्पार्क प्लग काढा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते चिठ्ठी लावून ठेवा. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल निम्मं-निम्मं मिसळून दोन-तीन मोठे चमचे सोडा. आठवडाभर तसंच राहू द्या, जिरलं तर परत घाला. दरम्यान इंजिनाच्या तळाचा ऑइलचा नट अगदी थोडा सैल करा. ऑइलआधी पाणी आलं तर समजा की पाणी आत उतरलंय. पाणी जड, ते तळाला बसतं. ही गोष्ट खरेदीदाराला सांगायचीच. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढून हँडल लावा आणि अंगठा हँडलभोवती न गुंडाळता हलक्या हातानं पुढंमागं डुलवा. फिरलं तर छोटा व्हिडिओ काढा आणि थांबा. नाही फिरलं तर ‘इंजिन जाम’ असं स्पष्ट लिहा. त्यानं किंमत कमी होते, गाडी नाकारली जात नाही.

चालवून दाखवणं तर नकोच. जुन्या ब्रेक ऑइलनं हवेतलं पाणी ओढून घेतलेलं असतं, व्हील सिलिंडर आतून गंजलेले असतात, रबरी पाइप चिरलेले असतात. पेट्रोलचा एक कुजका पाइप गरम इंजिनावर ठिबकला तर गाडीही जाते आणि शेडही.

## माळा, अडगळ आणि जुनं इंजिन

गाडीचे सुटे भाग शोधायला एक पूर्ण रविवार द्या. ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत फायद्याची मेहनत. काचेची चौकट, हुडाचे पाइप, बाजूचे कापडी पडदे, हेडलाइटच्या रिंगा, मीटर, जोडीनं येणारे एसयू कार्ब्युरेटर, डायनॅमो, चाकांचे मधले मोठे नट, जॅक, पान्यांची कापडी वळकटी, मालकासाठीचं छापील पुस्तक. यातलं जे कोणाला भंगार वाटतं, तेच मिळवायला रिस्टोरेशन करणाऱ्याला परदेशातून मागवावं लागतं आणि वर कस्टम्स ड्यूटी भरावी लागते.

त्या मधल्या नटांवर डावे-उजवे आटे असतात, जेणेकरून चाक फिरताना नट सैल होऊ नये. चारही एकत्र दोरीत ओवून ठेवू नका, दोन-दोन वेगळे बांधा.

आणि एक प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना विचाराच: ‘यातलं पहिलं इंजिन कुठंय?’ आपल्याकडं पार्ट मिळेनासे झाले तेव्हा बऱ्याच परदेशी गाड्यांत ॲम्बेसेडरचं किंवा डिझेलचं इंजिन चढवलं गेलं. मूळ इंजिन मग शेतावर पाण्याच्या पंपाला लागलं, किंवा एखाद्या गाळ्याच्या कोपऱ्यात पडलं. ते सापडलं तर नंबर न खरवडता उचलून आणा. गाडीत दुसरं इंजिन असलं तरी मूळ इंजिन सोबत आहे, एवढ्यावर सगळा व्यवहार बदलतो.

नंबर वाचताना वायरब्रश आणि ग्राइंडर लांब ठेवा. ठोकलेल्या आकड्यांची खोली फार नसते. एका फटक्यात तीनचा आठ की आठचा तीन, कळत नाही. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, पातळ कागद धरून वर पेन्सिल आडवी फिरवा. आरटीओत चेसिसचा ठसा घेतात तो असाच. चेसिस, इंजिन आणि समोरच्या आडपत्र्यावरची पाटी, तिन्हींचे ठसे घ्या. जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट, एमजीए-एमजीबीसारख्या गाड्यांसाठी ब्रिटिश मोटर म्युझियम हे शुल्क घेऊन कारखान्याच्या नोंदीचा दाखला देतात. गाडी कधी बनली, मूळ रंग, मूळ इंजिन क्रमांक, कुठल्या वितरकाकडं रवाना झाली, हे त्यात असतं. हा दाखला विकणाऱ्यानंच आधी मागवलेला बरा. भाव पाडायला आलेल्याचं निम्मं तोंड तिथंच बंद होतं.

## कागद: गाडीचा सात-बारा

जमीन कितीही सुपीक असली तरी सात-बारावर नाव दुसऱ्याचं असेल तर गिऱ्हाईक मागं फिरतं. गाडीचा सात-बारा म्हणजे आरसी बुक.

पहिला प्रश्न वारसांचा. आरसी आजोबांच्या नावावर आणि विकायला निघालेला नातू, हे चालत नाही. आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करावी लागते: मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, बाकी वारसांची प्रतिज्ञापत्रावर संमती. कायद्यात यासाठी मुदत आहे. ती उलटली म्हणून वारसाहक्क जात नाही, दंड भरावा लागतो. खरी अडचण वेगळीच असते. पंचवीस वर्षं कोणी न विचारलेल्या गाडीला गिऱ्हाईक आलं म्हटलं की भाऊबंदांना ती अचानक आठवते. म्हणून संमती आधी, जाहिरात नंतर.

दुसरा प्रश्न नोंदणी कुठली. सीमाभाग असल्यामुळं बेळगाव-निपाणीकडच्या नोंदणीच्या गाड्या इथं असतात. कर्नाटकातली गाडी एमएच ०९ मध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या नोंदणीत आणायची तर तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे नमुना २८ लागतो. फार जुनी गाडी असेल तर संस्थानकाळातली नोंदही निघू शकते; कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याआधीचा कागद संस्थानचा. असा कागद लॅमिनेट करू नका, पारदर्शक पाकिटात ठेवा. तो गाडीच्या किमतीचा भाग आहे.

आरसीच्या मागच्या पानावर बोजा चढलेला आहे का, तेही बघा. जुन्या कर्जाची नोंद कोणी उतरवली नसेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या सहीनं नमुना ३५ लागतो.

आरसी हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद आणि नमुना २६ वर दुय्यम प्रत. संगणकाआधीच्या गाड्यांची माहिती ‘वाहन’ प्रणालीत नसते. आरटीओ जुनं रजिस्टर काढून ती चढवतं, त्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. वेळ लागतो. तेवढ्यात कोणीतरी भेटेल आणि म्हणेल, ‘दुसऱ्या गाडीचा कागद आहे, नंबर ठोकून घेऊ.’ हा गुन्हा आहे. शिवाय एकदा ठोकलेला खोटा नंबर त्या गाडीला कायमचा चिकटतो. जाणकार संग्राहक तिला पुन्हा हात लावत नाही. कागद खरोखरच कुठं सापडत नसतील तर सुटे भाग म्हणून, तसं लिहून विका. पैसे कमी येतील, पण झोप लागेल.

## आधी विंटेज नोंदणी करून घ्यावी का?

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. ५० वर्षं पूर्ण, मूळ रूप टिकलेलं, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नाही, अशी गाडी त्यात बसते. परिवहन पोर्टलवर नोंदणीचा अर्ज म्हणजे नमुना २०, विमा, आणि जुनी आरसी किंवा आयात गाडीचं बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुनर्नोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. नवीन घेतला तर त्यात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. जुना नंबर मुळीच सोडू नका.

खर्चाचा हिशोब बघा. २०२५ मध्ये वाढवलेल्या दरांनुसार २० वर्षांहून जुन्या आयात चारचाकीच्या साध्या नूतनीकरणाला ८० हजार लागतात, इतर मोटारींना १० हजार. त्यामुळं आयात गाडीला विंटेज नोंदणी स्वस्त वाटते, आणि आहेही. पण अट अशी की मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर. वरातीला भाड्यानं द्यायला गाडी शोधणारा खरेदीदार असेल तर ही नोंदणी त्याच्या आड येते. आणि सुट्या भागांच्या ढिगाऱ्यासारखी असलेली गाडी तपासणीला दाखवायची तरी कशी? माझं मत असं की आयात गाडी पूर्ण आणि मूळ इंजिनाची असेल, तर नोंदणीची तयारी करून ठेवा. सुटी असेल तर निर्णय घेणाऱ्यावर सोडा.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ ही भीतीही काढून टाका. दिल्ली परिसरात घातली गेली तशी वयाची बंदी महाराष्ट्रात खासगी गाड्यांवर नाही. नूतनीकरण आणि तपासणी लागते.

## किंमत सांगायची कशी?

इंग्लंडच्या लिलावाचा आकडा बघून गुणाकार करू नका. तिकडं पार्ट जवळ, कारागीर वेगळे, गिऱ्हाईक वेगळं. उलटा हिशोब करा. समजा, फक्त समजण्यासाठी, तुमच्या मॉडेलची पूर्ण तयार गाडी भारतात ५० लाखांना जाते. रिस्टोरेशनला २६ लाख लागतील. दोन-तीन वर्षं पैसे अडकून राहणं आणि उघडल्यावर निघणारे धक्के, याचे ८ लाख. उरले १६. हा झाला बोलणीचा मध्य. मूळ इंजिन नसेल तर खाली, सगळे भाग आणि कारखान्याचा दाखला असेल तर वर. उभ्या उसाचा भाव जसा तोडणी-वाहतूक वजा करून बघतात, तसंच हे.

‘मग रिस्टोरेशन आपणच करून ५० घेतले तर?’ ज्याला ही कामं येतात, ज्याची ओळख आहे आणि ज्याला घाई नाही, त्यानं जरूर करावं. बाकीच्यांचं काम निम्म्यावर थांबतं, आणि अर्धवट रिस्टोरेशनची गाडी न उघडलेल्या गाडीपेक्षा कमी किमतीला जाते, कारण कुठला नट कुठला हे आता कोणालाच माहीत नसतं.

गिऱ्हाईक विंटेज क्लबमधून शोधा. मुंबईचा व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया हे सुरुवातीला चांगलं दार. साठ-सत्तर फोटो काढा, सकाळच्या उजेडात, त्यातले निम्मे दोषांचे. गंजलेल्या भोकाशेजारी पट्टी धरून काढलेला फोटो शंभर फोन वाचवतो. परदेशी गिऱ्हाईक आलं तर कस्टम्सच्या जाणकाराशी बोलल्याशिवाय इसार घेऊ नका. १९५० पूर्वीच्या गाड्यांच्या निर्यातीवर निर्बंध आहेत.

## मग त्या निकालाचं आणि कराचं काय?

आयकर कायद्यात वैयक्तिक वापराची जंगम वस्तू भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणून तिच्या नफ्यावर कर नाही. दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती यांना ही सूट नाही. मोटार त्या यादीत नाही, त्यामुळं लोक निर्धास्त असतात. न्यायालयानं सांगितलं ते असं की गाडी वापरण्यासारखी आहे एवढ्यानं ती वैयक्तिक वापराची ठरत नाही. ती प्रत्यक्ष वापरली हे दाखवावं लागतं.

म्हणजे जुने विमा कागद, पेट्रोलच्या पावत्या, गॅरेजची बिलं, लग्नात किंवा सहलीत गाडीसोबत काढलेले फोटो, सगळं जपून ठेवा. पुरावा नसेल तर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर धरून चाला. वडिलोपार्जित गाडीचा खरेदीखर्च कसा धरायचा, हे विक्रीआधी सीएला विचारा, रिटर्न भरताना नव्हे.

रोख २ लाख किंवा त्याहून जास्त घेऊ नका, हप्त्याहप्त्यानंही नाही. तसं घेतलं तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. सगळे पैसे बँकेतून. दोन खासगी व्यक्तींतल्या अशा विक्रीवर जीएसटी लागत नाही.

## इसार, टीटी आणि गाडी दाराबाहेर काढताना

५०० रुपयांच्या स्टँपवर करार करा. त्यात तिन्ही नंबर, सोबत दिलेल्या भागांची यादी, माहीत असलेले दोष आणि ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द. दोष लिहिले म्हणजे गाडी हलकी ठरत नाही. उद्याचं भांडण आज मिटतं.

कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे आरसीवरचं नाव बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर, खरेदीदाराचं नाव न भरता सही करून देऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की नाव बदललेलं नसेल तर अपघाताची भरपाई आरसीवरच्या मालकावर येते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. आरसीची मुदत संपलेली असेल तर नाव बदलण्याआधी नूतनीकरण आणि तपासणी मागितली जाते, जी जाम इंजिनाच्या गाडीला लगेच जमत नाही. अशा वेळी आरटीओत आधी लेखी विचारा, तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही हे करारात घाला, आणि नाव बदलेपर्यंत कोणाचे किती पैसे अडकतील तेही.

गाडी दोरीनं ओढून नेऊ देऊ नका. ब्रेक धरलेले असतात, चाक घासत जातं, आणि पुढचा हिसका सडलेल्या चेसिसला बसतो. गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक, म्हणजे फ्लॅटबेडच हवा. पेठांतल्या बोळात तो शिरत नाही, म्हणून गाडी आधी हातानं मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलत आणावी लागते. त्यासाठी फुगवलेले कामचलाऊ टायर आदल्या दिवशी चढवा आणि चारही चाकं फिरतात का बघा. पट्टे ॲक्सलला बांधा, बंपरला नाही. दारं सुती दोरीनं बांधा, बॉनेटही. मीटर, दिवे, कार्ब्युरेटर, पाट्या हे सगळं खोक्यात भरून यादीप्रमाणे मोजून खरेदीदाराच्या हातात द्या आणि यादीवर त्याची सही घ्या. मूळ इंजिन सुटं जात असेल तर तेही त्याच ट्रकवर, त्याच दिवशी. ‘नंतर पाठवतो’ म्हटलेलं इंजिन पुन्हा कोपऱ्यात पडतं.